आत्यांचं सोडियम, मामांचं पोटॅशियम

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. आमची द्राक्षबाग आहे, निम्मा माल बेदाण्याला जातो. आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं वय ७१. त्यांना बीपीची गोळी चालू होती. मार्चभर त्या बेदाण्याच्या शेडवर बायकांबरोबर बसायच्या. ऊन फार, म्हणून कुणीतरी सांगितलं की दिवसाला पाच लिटर पाणी प्यायचं. मीठ तर त्यांनी बीपीच्या भीतीनं आधीच सोडलेलं. दाढा नाहीत, त्यामुळं जेवण म्हणजे चहा-खारी. एप्रिलच्या सुरुवातीला मळमळ सुरू झाली, चालताना झोक जायला लागला. मग एके दिवशी सकाळी त्यांनी माझ्या मुलाला त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "बैलं सोडलीस का रं?" आमच्या दावणीला पंधरा वर्षं बैल नाहीत. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. शेवटी मिरजेला नेलं. सोडियम ११८ आलं. पाच दिवस ठेवून घेतलं. बाटली इतकी हळू सोडायचे की आमचं डोकं फिरायची वेळ आली. गावातले डॉक्टर तासाभरात दोन सलाईन चढवतात!

घरी आणल्यावर नणंदेनं ओआरएसची वीस पाकिटं पाठवली. शेजारीण म्हणते सैंधव द्या. धाकटे दीर साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी करतात, त्यांनी रंगीत इलेक्ट्रोलाइटच्या बाटल्या आणल्या. भीतीनं आम्ही मामांचंही, म्हणजे सासऱ्यांचंही, रक्त तपासलं. त्यांचं सोडियम चांगलं, पण पोटॅशियम ५.८ आणि क्रिएटिनिन २.१. त्यांना शुगर आणि बीपी आहे. त्यांच्यासाठी मुद्दाम लो सोडियम मीठ आणतो, रोज एक शहाळं, सकाळी मूठभर घरचा बेदाणा. एवढं चांगलं खाऊन वाढलं कसं? हे इलेक्ट्रोलाइट म्हणजे आहे तरी काय, आणि एका चुलीवर दोघांचं कसं करायचं? आत्यांच्या जुन्या गोळ्यांच्या चार पट्ट्या शिल्लक आहेत, त्या वाया जातील म्हणून त्या हळहळतात. फोटो जोडलेत.

— एक सून, तासगाव तालुका

उत्तर :

ताई,

पत्रात नंबर होता म्हणून छापायच्या आधीच मी फोन केला आणि मामांचा ईसीजी त्याच दिवशी काढून घ्यायला सांगितलं. तो चांगला आला, मीठ बदललं, आणि पुन्हा तपासल्यावर पोटॅशियम ५.३ वर उतरलं, हे तुम्ही कळवलंत. म्हणून आता निवांत लिहिते. बाकीच्या वाचकांना मात्र सांगते, किडनी अधू आणि पोटॅशियम साडेपाचाच्या वर, असा कागद हातात आला तर सदराला पत्र लिहीत बसू नका, तडक डॉक्टर गाठा.

तुमचं पत्र वाचताना 'बैलं सोडलीस का' इथं मी अडकले. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत असेच एक आजोबा आले होते. बाकावर बसून शर्टाचं एकच बटण लावायचे, काढायचे, पुन्हा लावायचे. मुलगा म्हणाला, दोन दिवस असंच चाललंय. मी म्हणाले, वयानं होतं, आणि झोपेची गोळी टाळा एवढं सांगून पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना झटके येत असताना आणलं. सोडियम ११२. वाचले, पण ते बटण काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा लिंबू उतरवा म्हणणाऱ्यांना मी फार बोलणार नाही. म्हातारं माणूस दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागलं, तर ते वय नव्हे. वय हळूहळू येतं. अचानक येतं ते सोडियम, शुगर, लघवीतला जंतुसंसर्ग, नाहीतर मेंदूतला रक्तस्राव. यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी साध्या तपासण्यांत कळतात.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विजेचा भार असलेले कण होतात, सोडियमचे आणि क्लोराइडचे. अशा पाण्यातून वीज वाहते, म्हणून मायकेल फॅरेडेनं १८३४ साली अशा पदार्थांना इलेक्ट्रोलाइट हे नाव दिलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत असतं तेही इलेक्ट्रोलाइटच. आपल्या अंगात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असे बरेच आहेत. मराठीत आपण सगळ्यांना मिळून 'क्षार' म्हणतो आणि इथंच घोटाळा सुरू होतो. 'क्षार कमी झालेत' हे वाक्य मला 'बागेवर रोग आलाय' यासारखं वाटतं. अहो, कुठला? दावण्या, भुरी का करपा? तिघांची औषधं वेगळी. तुमच्या घरात तर एकाचा एक क्षार उतरलाय आणि दुसऱ्याचा दुसरा चढलाय.

सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेर, रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात राहतं. रक्तात त्याचं प्रमाण लिटरमागे १३५ ते १४५ (मिलिमोल या मापात). पोटॅशियम राहतं पेशींच्या आत, अंगातलं ९८ टक्के तिथंच. बाहेर रक्तात असतं ते जेमतेम साडेतीन ते पाच. ही वाटणी आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात बारीक पंप बसवलेले आहेत, ते एका दमात तीन सोडियम बाहेर फेकतात आणि दोन पोटॅशियम आत ओढतात. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये हा पंप शोधला आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या पंपाला भारनियमन नाही. आत-बाहेरच्या या फरकावरच मज्जातंतूतून संदेश धावतो, स्नायू आवळतो, हृदयाचा ठोका पडतो. म्हणून सोडियम बिघडलं की आधी डोकं बिघडतं आणि पोटॅशियम बिघडलं की हृदय. हे ढोबळ झालं, पण आत्या आणि मामांसाठी एवढं पुरतं.

आत्यांच्या रिपोर्टवरचा ११८ आकडा बघून सगळ्यांना वाटलं, अंगातलं मीठ संपलं. नणंदेची पाकिटं, शेजारणीचं सैंधव, सगळं त्याच समजुतीतून आलं. तुम्ही ब्लोअरच्या टाकीत औषध कसं मोजता ते आठवा. लिटरला इतके ग्रॅम. पाचशे लिटरला मोजलेलं औषध समजा चुकून सहाशे लिटर पाण्यात पडलं, तर औषध तेवढंच असूनही फवारा पातळ झाला. रिपोर्टवरचं सोडियम हे असं लिटरमागचं माप आहे, अंगातल्या मिठाचं वजन नव्हे. १४० चं ११८ होणं म्हणजे साधारण तुमचा पाचशेचा डोस सहाशेत गेल्यासारखं. आत्यांचं थोडं मीठ कमी झालं असेलही, पण मुख्य म्हणजे पाणी जास्त झालं. सोडियम उतरलेल्या बहुतेक रुग्णांत असंच असतं, आणि हे सांगितलं की नातेवाईक माझ्याकडे अविश्वासानं बघतात, कारण पाणी कधी जास्त होतं का?

धडधाकट माणसाला सहसा होत नाही. किडनी जास्तीचं पाणी पातळ लघवी करून टाकून देते. आत्यांची किडनी का टाकू शकली नाही, ते तुम्ही पाठवलेल्या फोटोत आहे. गोळ्यांची पट्टी दुकानदारानं कापून दिलेली, त्यामुळं घटकांची बारीक अक्षरं अर्धी गेली. पण ब्रँडच्या नावामागचा 'एच' शिल्लक आहे आणि त्याच्याखाली '...थायझाइड १२.५' एवढं वाचता येतं. म्हणजे बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं आहे. हे लघवीवाटे मीठ काढून बीपी उतरवतं. चांगलं, स्वस्त औषध आहे, लाखो लोक घेतात आणि त्यांना काही होत नाही. पण लघवी पातळ करण्याची किडनीची जी जागा असते, नेमकी तिथंच ते काम अडवतं. उतारवयातल्या, अंगानं बारीक बायकांना त्यानं सोडियम उतरायचा धोका जास्त. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही त्याचीच भावंडं.

त्यात दुसरी गोष्ट, चहा-खारी. पाणी बाहेर टाकायला किडनीला सोबत काहीतरी विरघळलेलं टाकावं लागतं. ते येतं जेवणातल्या मिठातून आणि डाळी, दूध, अंडं यांच्यापासून होणाऱ्या युरियातून. पोटभर जेवणारा माणूस जास्तीचं पाणी सहज काढून टाकतो. खारीवर जगणाऱ्या माणसाच्या किडनीकडे द्यायलाच काही नसतं, तर ती पाणी तरी कशाच्या जोरावर टाकणार? वरून पाच लिटर. गोळी, अळणी जेवण आणि पाण्याचा सल्ला, तिन्ही एकदम जमून आलं. एकेकटं असतं तर बहुधा निभावलं असतं.

रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर फारसं बिघडत नाही, मेंदू मात्र कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. आधी मळमळ, मग झोक जाणं, मग बैल, आणि आणखी उशीर केला असता तर झटके.

आता ती हळू सोडलेली बाटली. तुमचा राग मला कळतो, पण त्या डॉक्टरांनी तुमच्यावर उपकारच केलेत. सोडियम काही दिवसांपासून उतरलेलं असतं तेव्हा मेंदूच्या पेशी फुगणं टाळायला स्वतःतले काही क्षार बाहेर टाकून जुळवून घेतात. अशा वेळी रक्तातलं सोडियम झपाट्यानं वर नेलं, तर मेंदूच्या खोल भागातल्या तंतूंवरचं आवरण झिजतं. माणूस दोन दिवस शुद्धीत येतो, बरा वाटतो, आणि मग बोलणं, गिळणं, हातपाय जायला लागतात. ते बऱ्याचदा परत येत नाही. म्हणून चोवीस तासांत आठ, फार तर दहानं वाढवायचं, त्यापुढं नाही. दर काही तासांनी रक्त काढत होते ते बिल वाढवायला नव्हे.

आणि गावातल्या तासाभराच्या दोन सलाईनींबद्दल आता बोलायलाच हवं. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. सपाट चमचाभर मीठ. साखरेच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे अर्ध्या भाकरीएवढी ऊर्जा. उलट्या-जुलाबानं गळालेल्या, पोटात काही न ठरणाऱ्या माणसाला ती बाटली जीव देते. पण 'अशक्तपणा वाटतोय, एक सलाईन लावा' म्हणणाऱ्याला ती मीठपाणीच देते, वर सुई आणि पाचशे रुपये. सांगली जिल्ह्यात ही श्रद्धा किती खोल आहे हे मला माहीत आहे. सलाईन लावली नाही म्हणून माझ्याकडचे पेशंट समोरच्या गल्लीत गेलेले आहेत.

ओआरएसच्या वीस पाकिटांचं काय करायचं? जपून ठेवा, पण आत्यांसाठी नाही. रक्तात सोडियम १४०, ओआरएसच्या तयार पाण्यात फक्त ७५. जिची किडनी पाणी धरून ठेवतेय, तिला हे लिटर-लिटर पाजलं तर रक्त आणखी पातळ व्हायची भीती. ओआरएस बनलंय ते जुलाबासाठी, आणि तिथं त्याला तोड नाही. १९७१ च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाकिटांत भरून ते पाण्यात कालवून लोकांना पाजायला लावलं, नातेवाइकांच्याच हातून. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, ते गेल्यानंतर. युक्ती ग्लुकोजमध्ये आहे. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत घेणारा दरवाजा असतो आणि जुलाबातही तो चालू राहतो. सोडियम आत गेलं की पाणी मागोमाग जातं. म्हणून त्यातली साखर चवीसाठी नाही, आणि जास्त साखर घातली तर जुलाब उलट वाढतात.

घरात लहान मुलं आहेत म्हणून एवढं पाळा. आख्खं पाकीट आख्ख्या लिटरभर पाण्यात, पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच. 'अर्धं आत्ता, ग्लासात थोडं' असं करू नका, दाट झालेलं ओआरएस लहान मुलाचं सोडियम चढवतं. कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दिरांच्या रंगीत बाटल्या म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत बहुतेक साखर जास्त आणि सोडियम फार कमी असतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली ती याचसाठी.

सैंधवाचा निकाल एका ओळीत. तेही सोडियम क्लोराइडच, फक्त बहुधा आयोडीन नसलेलं आणि महाग.

तर आत्यांसाठी. त्या चार पट्ट्या टाकून द्या. नुसत्या कपाटात ठेवल्यात तर एक दिवस त्या घेतल्या जातील, मी आपल्या बायकांना ओळखते. या औषधानं ज्यांचं सोडियम एकदा उतरलं, त्यांचं पुन्हा दिल्यावर पुन्हा उतरण्याची शक्यता मोठी. फायलीच्या पहिल्या पानावर मार्करनं लिहा, 'थायझाइड देऊ नये, सोडियम ११८ झालं होतं', आणि डोळ्यांच्या डॉक्टरांपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना दाखवा. मिरजेहून लिहून दिलेली नवी गोळी चालू ठेवा, बीपी आहेच. मीठ सोडायचं नाही आणि वाढवायचंही नाही, घरातल्या इतरांसारखं बेताचं जेवायचं. दिवसाला सगळं धरून पाच ग्रॅमच्या आत मीठ, असं आरोग्य संघटना सांगते, आणि लोणचं, पापड, खर्डा यांतलं त्यातच मोजायचं. पाणी डिस्चार्ज कार्डावर दीड लिटर लिहिलंय, त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. सकाळी एका कळशीत मोजून भरून ठेवलंत तर भांडण होणार नाही. पुढच्या रिपोर्टनंतर डॉक्टर ती मर्यादा उठवतील, मग तहान लागेल तेवढं. शेडवरच्या बायका घाम गाळतात, त्यांना पाणी जास्त लागतं, ताकात मीठही चालतं. आत्या सावलीला बसून निवडत होत्या, त्यांना त्यांचं माप लागू नव्हतं.

आणि खारी बंद. आमटीत कुस्करलेली भाकरी, मऊ भात-वरण, उकडलेलं अंडं, दूध, हुलग्याचं माडगं. कवळीसाठी सांगलीला आणा, पाच लिटर पाण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

आता मामा. तुम्ही विचारलंत, एवढं चांगलं खाऊन वाढलं कसं. त्यांनी खाल्लेलं सगळं चांगलंच आहे, पण सगळं पोटॅशियमचं आहे. बागायतदाराच्या घरात हा शब्द नवा नाही. बेदाण्याचे घड शेडवर टाकायच्या आधी ज्या द्रावणात बुडवता, त्यात डिपिंग ऑइलबरोबर पोटॅशियम कार्बोनेटच असतं. बागेला तुम्ही ०:०:५० सोडता, ते पोटॅशियम सल्फेट. ऊसवाले म्युरेट ऑफ पोटॅश टाकतात, ते पोटॅशियम क्लोराइड. लो सोडियम मिठात सोडियम कमी करून त्याच्या जागी हेच पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, अर्थात खाण्याजोगं शुद्ध केलेलं. निरोगी किडनीच्या माणसाला ते चालतं, बीपीला बरंही. आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये असं मीठ वापरायची शिफारस केली, पण त्यातच किडनीचे रुग्ण, गरोदर बायका आणि मुलं यांना वगळलं. ते वगळणं पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात नसतं.

घड सुकला की पाणी उडतं, पोटॅशियम जागेवर राहतं. चार किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा, म्हणजे मुठीत चौपट. शहाळ्यात सोडियम थोडं, पोटॅशियम भरपूर. एकेकटी मूठ किंवा एकेक शहाळं गुन्हेगार नाही. पण क्रिएटिनिन २.१ म्हणजे पोटॅशियम बाहेर टाकणारी किडनी मंदावलेली, आणि त्यांची बीपीची गोळी, टेल्मिसार्टन, पोटॅशियम धरून ठेवणारी. ती गोळी मधुमेह्याच्या किडनीला जपते, म्हणून मनानं बंद करायची नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मीठ, शहाळं आणि बेदाणा मात्र तुमच्या हातातलं आहे. केळी आणि माडगंही आवरा. बटाटा आणि पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी टाकून द्यायचं, एरवी मी भाजीचं पाणी टाकू नका म्हणते, मामांसाठी उलट. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नका, त्या किडनी आणि पोटॅशियम दोन्ही बिघडवतात. पोटॅशियम चढल्याचं लक्षण बऱ्याचदा काहीच नसतं, ठोका चुकेपर्यंत माणूस ठणठणीत दिसतो. म्हणून ईसीजीची घाई केली.

एक शंका तुम्ही फोनवर काढलीत, की गावात काढलेलं रक्त दीरांनी मोटारसायकलवरून दोन तासांनी तासगावला नेलं होतं, त्यानं फरक पडतो का? पडतो. नळीत रक्तपेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढतो. पण तो खोटाच असेल असं धरून बसता येत नाही. पुन्हा तपासायचं, लॅबमध्ये जाऊनच रक्त द्यायचं. मामांचं दुसऱ्यांदा ५.३ आलं, म्हणजे थोडं खोटं असेल, पण थोडं खरं होतंच.

एका चुलीवर दोघांचं जमतं. डबा एकच, साधं आयोडीनयुक्त मीठ, हात आखडता. लो सोडियमचं पाकीट घरातून बाहेर. मामांची भाजी वेगळी उकळून पाणी काढायची, फोडणी सगळ्यांची एकच. बेदाणा आत्यांना द्या, मूठभर चालेल, दुधात भिजवून.

दिरांना निरोप. यवतेश्वरच्या घाटात पळताना दर किलोमीटरला पाणी पीत सुटू नये. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं निघालं. पळताना जास्त पाणी प्यालेले, आणि पळून वजन कमी व्हायचं तर उलट वाढलेले, यांनाच ते जास्त झालं. तहान लागली की प्यावं. पळायच्या आधी आणि नंतर वजन करावं, वाढलं असेल तर समजावं. त्या बाटल्या परत देता आल्या तर बघा.

तुम्ही बागेत देठ परीक्षण केल्याशिवाय खत देत नाही. कुणी पारावर बसून 'पानं पिवळी दिसतात, पोटॅश टाका' म्हणालं तर त्याला हसाल. माणसाच्या बाबतीत मात्र नणंद, शेजारीण, दीर, सगळे देठ न बघता सांगतात. पुढच्या महिन्यात आत्यांना रक्त द्यायला न्याल तेव्हा गाडीत मामांनाही घ्या. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन दोघांचंही करा, आणि फायली दोन रंगांच्या पिशव्यांत ठेवा, म्हणजे एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या औषधाला जाणार नाही.

आणि तुमच्या मुलाला सांगून ठेवा, आजीला बैलांवरून चिडवायचं नाही. त्यांना ती सकाळ बहुतेक आठवतही नसेल.